बाबांना कवितेत राहू दे, आईला जप

«ताई, मी २४ वर्षांची आहे. कागदोपत्री मुलगा. मागच्या वर्षी घरात काजळ लावून बसले असताना बाबांनी पाहिलं. त्या रात्रीपासून मी घरी राहत नाही. नोकरी आहे, मैत्रिणीबरोबर खोली घेतली आहे, त्यामुळे तसं बरं चाललंय. धाकटा भाऊ घरीच असतो. आई बाबांना न कळवता फोन करते. या सगळ्यावर एक कविता लिहिली आहे, ती सोबत जोडते. एका कविसंमेलनात ती वाचायचं बोलावणं आलंय. आमच्या क्वीअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे) गटातले मित्र म्हणतात, ‘बाबांना फारच सांभाळून घेतलंयस, चीड कुठे आहे?’ संमेलनातले एक ज्येष्ठ कवी म्हणतात, ‘फार वैयक्तिक आहे, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची? आणि येताना जरा साधा ये.’ बाबांना कवितेत ठेवू की काढू? दुसरं म्हणजे, कवितेत मी ‘राहिले’ लिहिते आणि आईशी फोनवर ‘आलो, गेलो’ असं बोलते. मग खोटी कोण, मी की कविता? — काजळवाली»

प्रिय काजळवाली,

आधी पत्र वाचलं, मग कविता, मग पुन्हा पत्र. बाबांबद्दल तू विचारलंस, तुझ्या मित्रांनी विचारलं, त्या ज्येष्ठ कवींच्या बोलण्याचा रोखही बाबांकडेच आहे. आईबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. मला घोर लागलाय तो तिचा. त्याकडे येतेच, पण तू जे विचारलंस ते आधी घेऊ.

तुझी कविता अशी सुरू होते:

बाबांनी आरसा भिंतीकडे वळवला
आणि म्हणाले, आता बघ कसा दिसतोस.
मी बघितलं.
आरशाच्या पाठीवर गंजाचे डाग होते.

हे कडवं सौम्य आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते घाईत वाचलं असणार. यात एक माणूस आहे ज्याला आपल्या मुलाकडे बघवत नाही. त्याला हात उगारता येत नाही, घराबाहेर हो असंही म्हणता येत नाही, म्हणून तो आरशाला शिक्षा करतो. आणि ज्याला बघायला सांगितलंय ते लेकरू खरंच बघतं, निमूटपणे, आणि डाग मोजून सांगतं. चीड यापेक्षा वेगळी काय असते? चीड म्हणजे शिव्याच हव्यात, असं समजणारे वाचक प्रत्येक गटात असतात. त्यांच्यावर माया कर, पण कविता त्यांच्या हाती देऊ नकोस.

चीड दाखवायच्या नादात काय होतं ते तुझ्या दुसऱ्याच कडव्यात दिसतंय. ‘हे समाजा, तुझ्या रूढींच्या साखळदंडांनी माझ्या अस्मितेचे पंख जखडलेस’. हे मित्रांच्या आग्रहाखातर नंतर घातलंस ना? मला तसा दाट संशय आहे. आरशामागचा गंज बघणारी मुलगी साखळदंडांनी पंख जखडत नाही. हे कडवं काढ. त्यात बाबाही नाहीत, तूही नाहीस. एक ‘समाज’ आहे, आणि तो ऐकून सभागृहातला प्रत्येक जण मान डोलावेल, कारण समाज म्हणजे कायम शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस.

आता तुझा प्रश्न, बाबांना ठेवायचं की काढायचं. ठेव. आणि याचं कारण मी तुझ्या कवितेतूनच सांगणार आहे, न्याय-अन्यायाच्या गोष्टी करून नाही.

मराठीत ‘मी’ म्हटलं की लिंग कळत नाही, ते कळतं क्रियापदावरून. पण सगळ्याच क्रियापदांवरून नाही, आणि इथेच तू नकळत मोठी करामत केली आहेस. ‘मी बघितलं’, ‘मी लिहिलं’, ‘मी काजळ घातलं’ यांत बोलणारा पुरुष की बाई याचा थांगपत्ता लागत नाही. ‘मी जाईन’, ‘मी सांगेन’ यांतही नाही. ‘गेलो-गेले’, ‘करतो-करते’ आलं की मात्र सुटका नाही. (आणि ‘नेसणे’ हे क्रियापद तर नमुनेदार चुगलखोर. काजळ घालून गप्प राहता येतं, पण साडी एकतर ‘नेसलो’ म्हणायची नाहीतर ‘नेसले’. ‘विसरणे’ही त्याच जातीचं.) तुझ्या कवितेत शेवटपर्यंत ‘मी’चं लिंग सांगणारं एकही क्रियापद तुझ्या तोंडी नाही. ते सांगतात फक्त बाबा: ‘कसा दिसतोस’. त्यांनी ठरवून टाकलंय. मग अगदी शेवटी:

काल नवा आरसा घेतला.
समोर उभी राहिले.
जागा पुरली.

‘उभी राहिले’ हे ‘दिसतोस’ला दिलेलं उत्तर आहे, तेही आवाज न चढवता. बाबांना काढलंस तर हे उत्तर कोणाला? मग उरते एक मुलगी आणि एक आरसा, आणि आरशासमोरच्या मुलींवर मराठीत कमी कविता नाहीत.

म्हणून बाबांचं वाक्य जसंच्या तसं राहू दे. ते त्यांनी तुला उद्देशून म्हटलं होतं, तुझ्या तोंडावर. त्यामुळे ते जितकं त्यांचं तितकंच तुझंही झालं. त्यांचं नाव, धंदा, गल्ली यातलं काही तू लिहिलेलं नाहीस, तेही शहाणपणाचं आहे. फक्त एक कर. व्यासपीठावर वाचताना त्या ओळीला त्यांचा आवाज काढू नकोस. नक्कल केली की लोक हसतात, आणि हसले की बाबा नाटकातले खलपुरुष होतात. सपाट वाच, किराणा मालाची यादी वाचावी तशी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं असं मला वाटतं, तरी सांगते. फोनवर ‘आलो’ म्हणणं हे तुझं खोटं नाही. त्या फोनचं ते भाडं आहे, आणि फोन चालू राहावा म्हणून तू ते भरतेस. किती दिवस भरायचं हे तू ठरव, कविता ठरवणार नाही आणि मीही नाही. कवितेत भाडं लागत नाही, म्हणून तिथे ‘उभी राहिले’ म्हणता आलं. दोन्ही ठिकाणी एकच माणूस बोलतोय, फक्त दोन्हीकडचे दर वेगळे आहेत.

एक सावधगिरी बाळग. क्रियापदांची ही युक्ती एकदा कळली की पुढच्या प्रत्येक कवितेत लपायला वापरावीशी वाटेल. लपायचं असेल तेव्हा खुशाल वापर, लाज वाटून घेऊ नकोस. पण सवय म्हणून नको. या कवितेत ती जमली कारण शेवटी पडदा उघडतो.

आता आई. तुझं तिसरं कडवं:

साडेनऊला आई गच्चीवर जाते, वाळलेले कपडे काढायला.
फोनवर आधी वारा ऐकू येतो,
मग ती विचारते, जेवण झालं का.

(त्या ज्येष्ठ कवींना धुणी दिसली ती बहुधा हीच.)

कवितेतलं सगळ्यात चांगलं कडवं हे आहे. आणि ते आत्ता, असंच, लोकांसमोर वाचू नकोस असं मी सांगणार आहे. मला ते जड जातंय.

काय लिहिलंयस बघ. वेळ लिहिलीस, जागा लिहिलीस, निमित्तही लिहिलंस. आईचा फोन बाबांपासून लपवलेला आहे हे तुझ्याच पत्रात आहे. कविता सभागृहात वाचली की उद्या कोणाच्या तरी मोबाईलवर असते, परवा कुठल्यातरी मामाच्या. बाबांना आरशाचं कडवं ऐकून राग येईल, येऊ दे, तो आधीपासून आहेच. पण गच्चीचं कडवं ऐकल्यावर ते साडेनऊला गच्चीवर जातील. पुढे काय होईल ते तुझ्या अंगावर येणार नाही, तू तिथे नाहीस. ती तिथे आहे. भाऊ तिथे आहे.

घराने नाकारलेल्या माणसाच्या कवितेत ‘घर’ एकच एक असल्यासारखं येतं, एक बंद दार. खऱ्या घरात बहुतेक वेळा एक माणूस दाराला कडी घालतो आणि दुसरा खिडकीतून काहीतरी पुढे करतो. कडी घालणाऱ्याबद्दल लिहायचा तुला पूर्ण हक्क आहे, त्याने जे केलं ते उघड केलं. खिडकीतल्या माणसाने जे केलं ते गुपचूप केलं, आणि ते गुपित फक्त तुझं नाही. तुझे मित्र विचारतात, बाबांना एवढं का जपतेस. त्यांनी खरं तर विचारायला हवं होतं की आईला जपायला का विसरलीस. कदाचित ती तुझ्या बाजूची आहे म्हणून, आपल्या माणसांना गृहीत धरतो तसं.

तर काय करायचं? एक मार्ग सरळ आहे, तिलाच विचार. फोनवर वाचून दाखव. ‘हे लोकांसमोर वाचू का?’ ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तरी एक रात्र जाऊ दे आणि पुन्हा विचार, कारण आया लेकरांना पटकन हो म्हणून टाकतात.

दुसरा मार्ग कवितेच्या आतला आहे. गच्ची काढ, साडेनऊ काढ, कपडे काढ, फोनही काढ. ‘आई’ हा शब्दही काढून बघ. तिचं वाक्य तेवढं ठेव: ‘जेवण झालं का’. कोण विचारतंय ते सांगू नकोस. हे वाक्य मी का ठेवायला सांगतेय ते बघ. ‘जेवलास का’ असं ती म्हणत नाही, ‘जेवलीस का’ही म्हणत नाही. कदाचित ती सवयच असेल, पुष्कळ घरांत असंच विचारतात, त्यामुळे यावर इमला चढवू नये. पण कवितेत ते बरोबर मधोमध आलंय. वर बाबांचं ‘दिसतोस’, खाली तुझं ‘उभी राहिले’, आणि मध्ये एक वाक्य जे तुला काहीच ठरवून देत नाही. एवढं राहिलं तरी कवितेचा कणा शाबूत राहतो. गेला तो गच्चीवरचा वारा. त्याचं वाईट मलाही वाटेल. मूळ कडवं फाडू नकोस, तारीख घालून वहीत ठेव.

वहीत ठेवलेलं वाया जात नाही, त्याचा एक दाखला देते. मिनी ब्रूस प्रॅट ही अमेरिकन कवयित्री. दोन मुलगे झाल्यावर तिने आपण लेस्बियन आहोत हे उघड केलं. ती राहत होती त्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा कायदा समलिंगी संबंधांना ‘निसर्गाविरुद्धचा गुन्हा’ म्हणत होता, आणि १९७०च्या दशकात तिला मुलांचा ताबा गमवावा लागला. यावरच्या कवितांचा संग्रह ‘क्राइम अगेन्स्ट नेचर’ आला १९९० मध्ये. नाव कायद्याच्याच तोंडचं उचललेलं. तोपर्यंत मुलं मोठी झाली होती. तिच्या बाबतीत नाकारली गेली ती आई, तुझ्या बाबतीत लेकरू. पण ज्यांच्यावर उजेड पडणार ते लोक तो उजेड सोसण्याएवढे मोकळे झाले आहेत का, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. तुला पंधरा वर्षं थांब असं मी म्हणत नाही. भाऊ स्वतःच्या पायावर उभा राहील, आई कधीतरी स्वतःच बोलेल, तोवर एक कडवं वहीत राहिलं तर काही बिघडत नाही.

आणि दार बंद करणं हा नाकारण्याचा एकच प्रकार नाही, हे तुझ्या गटातल्या मित्रांना सांग. एसेक्स हेम्फिल या कृष्णवर्णीय गे कवीची ‘कमिटमेंट्स’ नावाची कविता आहे, १९९२च्या ‘सेरेमनीज’ या त्याच्या पुस्तकात. कविता आहे घरातल्या फोटोंची. सणसमारंभाच्या प्रत्येक फोटोत हा हसत उभा आहे, भावंडांत, भाचरांत. अडीनडीला हाकेसरशी धावून जाणाराही तोच. आणि तरीही तो घरच्यांना दिसत नाही, कारण जे दिसायला हवं ते फोटोत कुठेच नाही. कोणी त्याला हाकललेलं नाही. आरोपाचं एक वाक्य न लिहिता आख्खं कुटुंब उभं केलंय. मित्रांना चीड कुठे असते ते बघायचं असेल तर ही कविता वाचायला दे.

त्या ज्येष्ठ कवींच्या ‘साधा ये’बद्दल. ‘फार वैयक्तिक’ या शेऱ्याला मी किंमत देत नाही. प्रेमभंगाच्या कविता गेली शंभर वर्षं व्यासपीठावर वाचल्या जातायत, त्या काय सार्वजनिक आहेत? काजळाचा मुद्दा मात्र मजेशीर आहे. मराठी कवितेला वेश बदलणं नवं नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या, म्हणजे विरहाचे अभंग, आठव. ‘चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी’ असं पुरुष कवी बाईच्या आवाजात म्हणतो आणि सातशे वर्षं आपण भक्तिभावाने ऐकतो. जनाबाई ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ म्हणते, म्हणजे बाईने कसं दिसावं याचा नियम पहिल्याच ओळीत खांद्यावर ढकलते. (आणि ‘जाईन’ बघ. क्रियापद काही सांगत नाही.) संतांना आजची लेबलं लावू नयेत, त्यांची ओढ देवाकडे होती आणि तो काव्यसंकेत होता, हे मला मान्य आहे. तुझ्यासाठी ती वंशावळ म्हणून वापरूही नकोस, कोणीतरी लगेच अंगावर येईल. पण कवितेतली चोळी चालते आणि कवीच्या डोळ्यातलं काजळ चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी निदान विचारात पडावं. कवी माणिक गोडघाटे ‘ग्रेस’ या बाईच्या वाटणाऱ्या नावाने आयुष्यभर लिहीत राहिले, ते कुठे कोणाला खटकलं? कागदावर सगळं खपतं. प्रश्न येतो तो देह घेऊन समोर उभं राहिल्यावर.

आणि ‘आपल्याआधी मराठीत कोणी नाही’ असं वाटत असेल तर पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह वाच. इंग्रजी वाचत असशील तर अदिती आंगिरस आणि अखिल कत्याल यांनी संपादित केलेलं दक्षिण आशियातल्या क्वीअर कवितेचं संकलन २०२० मध्ये आलंय, ‘द वर्ल्ड दॅट बिलाँग्ज टू अस’. दोन्ही वाचताना एक गोष्ट शोध: घरचं माणूस कवितेत येतं तेव्हा कवी त्याच्या हातात काय देतो. आरसा, ताट, किल्ली, काहीतरी असतंच का? तुझ्या बाबांच्या हातात आरसा होता म्हणून ते जिवंत झाले. त्या साखळदंडवाल्या कडव्यात कोणाच्याच हातात काही नव्हतं.

तर काजळ लावून जा. येण्याजाण्याचा रस्ता ठीक वाटत नसेल तर काजळ पिशवीत ने, तिथे गेल्यावर लाव आणि निघताना पुसून टाक. यात भित्रेपणा नाही. रस्ता आणि व्यासपीठ या दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हीकडे तूच तुझी जबाबदार आहेस. खोलीवरच्या मैत्रिणीला सोबत ने. त्या ज्येष्ठ कवींशी वाद घालायची गरज नाही, ‘बघते’ म्हण. हो, ‘बघते’च.

निवेदकाला तुझी ओळख कशी करून द्यायची ते आधी लिहून दे, दोनच ओळी: नाव कोणतं घ्यायचं, आणि ‘कवी’ म्हणायचं की ‘कवयित्री’. ऐन वेळी व्यासपीठावर ‘आता आपल्यासमोर येतोय’ असं कानावर पडलं तर पहिलं कडवं वाचताना घसा दाटेल. खरं नाव द्यायचं नसेल तर देऊ नकोस, टोपणनावाची आपल्याकडे वानवा नाही.

आणि आयोजकांना आजच फोन करून विचार, कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे का, ते कुठे टाकणार आहेत, आणि तुझा भाग वगळता येईल का. उत्तर लेखी घे, साधा मेसेज चालेल. वगळता येणार नाही म्हणाले तर गच्चीचं कडवं कुठल्याही रूपात वाचू नकोस, ‘जेवण झालं का’सुद्धा नको. वगळतो म्हणाले तर आईला विचारून ठरव. आरशाचं कडवं आणि शेवटचं, ही दोन तर वाचच.